सीट विकत मिळते, सहीचं काय?

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघालं की लोणी देवकरची एमआयडीसी लागते. इंदापूर तालुक्याच्या या उत्तर अंगाला उजनीचा फुगवटा आणि महामार्ग, तर दक्षिण अंगाला नीरा, तिचा कालवा आणि वालचंदनगर. वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनते हे या पट्ट्यात बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच ठिकाणी 1970 च्या दशकापासून इस्रोच्या रॉकेटांची पोलादी कवचंही बनत आली आहेत, हे मात्र फारसं बोललं जात नाही. 14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 घेऊन जे एलव्हीएम-3 रॉकेट उडालं, त्याच्या दोन्ही बाजूंना एस-200 नावाचे दोन बूस्टर होते आणि त्यांचे भाग वालचंदनगरहून गेले होते. याच रॉकेटची माणसांसाठी पारखून घेतलेली आवृत्ती पुढे भारताचं स्वतःचं मानवी यान, गगनयान, नेणार आहे. म्हणून जून 2025 मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला एका अमेरिकी खासगी कंपनीच्या यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा देशभर जो प्रश्न विचारला गेला तो या तालुक्याच्या पोटापाण्याशीही जोडलेला आहे. अंतराळात जायची सीट विकत मिळत असेल, तर स्वतःचं यान आणि स्वतःचा बूस्टर घडवत कशाला बसायचं?

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू नीट ऐकता याव्यात म्हणून दोन माणसं कल्पनेनं उभी केली आहेत. नाना हे जड यंत्रसामग्रीच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांचा पुतण्या लोणी देवकरच्या एमआयडीसीत दोन सीएनसी मशिनं टाकून जॉबवर्क करणारा. माणसं कल्पित असली तरी त्यांच्यातला वाद खरा आहे, आणि त्यातला कोणीही मूर्ख नाही.

पुतण्या : नाना, भावनेचा भाग सोडा, व्यवहार बघा. अमेरिकेनं 2011 च्या जुलैमध्ये स्पेस शटल बंद केलं आणि पुढची नऊ वर्षं त्यांचे अंतराळवीर रशियाच्या सोयूझमधून जात होते. दुसरा पर्यायच नसल्यामुळे रशियानं सीटमागे 2 कोटी डॉलरच्या आसपास असलेला भाव साडेआठ कोटींच्या वर नेला. मग नासानं काय केलं? सप्टेंबर 2014 मध्ये दोन कंपन्यांना ठरावीक रकमेची कंत्राटं दिली : बोइंगला 420 कोटी डॉलर, स्पेसएक्सला 260 कोटी. यान कंपनीचं, चालवणार कंपनी, नासा फक्त फेऱ्या विकत घेणार. 30 मे 2020 ला स्पेसएक्सच्या ड्रॅगनमधून पहिले दोघे गेले. नासाच्याच महानिरीक्षकांनी 2019 मध्ये हिशेब मांडला, त्यात ड्रॅगनची सीट साडेपाच कोटी डॉलरच्या घरात बसत होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोइंगचा खर्च वाढत गेला तो बोइंगच्या खिशातून गेला. दीड अब्ज डॉलरच्या वर तोटा त्यांनी स्वतः सोसला. सरकारी खात्यात असं कधी झालंय का? आपल्याकडे एसटी वेळेवर आली नाही तर माणूस वडापनं इंदापूरला जातोच ना? पोचल्याशी मतलब. शुक्लांच्या मोहिमेला आपल्याला साधारण 550 कोटी रुपये लागले, आणि गगनयानाचा मंजूर खर्च आता 20,193 कोटींवर गेलाय.

नाना : हिशेब अर्धाच सांगितलास. 550 कोटीत एक माणूस एकदा गेला आणि वीस दिवसांनी परत आला. 20,193 कोटी हा सप्टेंबर 2024 मध्ये वाढवलेला आकडा आहे आणि त्यात आठ मोहिमा आहेत, माणसं बसवायच्या आधीच्या रिकाम्या फेऱ्या धरून. आपल्या स्वतःच्या स्थानकाचा पहिला भागही त्यातच आहे. एका तिकिटाची किंमत आणि गाडी बनवायच्या कारखान्याची किंमत शेजारी ठेवून कोण जिंकलं ते ठरवायचं नसतं. आणि तुझं वडाप म्हणशील तर, वडापवाल्याच्या गाडीचा फिटनेस बघायला आरटीओ असतो. नसला तर काय होतं ते या महामार्गावर आपण पाहतोच. कंपनीला नफा हवा असतो, रे. जिथं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथं सरकारच पाहिजे.

इथवर दोघेही आपापल्या ओळखीच्या वाटेनं चालले आहेत आणि माझ्या मते दोघांचाही पाय एकाच ठिकाणी घसरतो. पुतण्या खासगीकडे स्वस्ताई पाहतो, नाना सरकारकडे सुरक्षितता. पण मानवी अंतराळ प्रवासाचा इतिहास खासगी आणि सरकारी अशा दोन कप्प्यांत बसत नाही. स्पेस शटल सरकारी होतं, तरी ते बनवलं होतं रॉकवेल या कंपनीनं आणि त्याचे घन इंधनाचे बूस्टर बनवले होते युटा राज्यातल्या मॉर्टन थायकॉल या कंपनीनं. नासानं सुरुवातीपासून कंपन्यांकडूनच माल घेतला. 2014 नंतर बदललं ते एवढंच की यानाची मालकी कंपनीकडे राहिली आणि झालेल्या खर्चावर नफा जोडून देण्याऐवजी आधी ठरलेली रक्कम देण्याची पद्धत आली. पैशाच्या दृष्टीनं हा मोठा बदल आहे आणि पुतण्याचं त्याबद्दलचं कौतुक खरं आहे. पण जीव वाचतो की जातो, हे त्या बदलावर ठरत नाही. ते कशावर ठरतं हे पाहायचं तर 27 जानेवारी 1986 च्या रात्रीकडे जावं लागतं, आणि वालचंदनगरसारख्या ठिकाणी जे काम होतं तेही थोडं जवळून पाहावं लागतं.

एस-200 बूस्टरचा व्यास 3.2 मीटर, म्हणजे साधारण साडेदहा फूट. त्यात दोनशे टन घन इंधन भरतात. एवढं लांब कवच अखंड बनवून हलवणं शक्य नसतं, म्हणून ते तीन तुकड्यांत बनतं : डोक्याकडचा, मधला आणि नॉझलकडचा. धातू मॅरेजिंग पोलाद, जाडी जेमतेम काही मिलिमीटर. पत्रा वाकवून वेल्ड करायचा, वेल्डचा एक्स-रे आणि अल्ट्रासॉनिक तपास करायचा, भट्टीत एजिंग करून ताकद आणायची आणि मग पाण्याच्या दाबानं ताणून पाहायचं. हे तुकडे श्रीहरिकोट्याला एकमेकांत बसवतात आणि प्रत्येक जोडात रबरी ओ-रिंगा असतात. एकदा पेटलेलं घन इंधन मध्येच विझवता येत नाही. सव्वादोन मिनिटं ते जळतच राहणार. द्रव इंधनाच्या इंजिनात काही बिघडलं तर झडप बंद करता येते, इथं ती सोय नाही. म्हणजे या बूस्टरची सगळी सुरक्षितता उड्डाणाच्या आधी, शॉप फ्लोअरवर ठरून गेलेली असते. म्हणूनच अशा कामाच्या तपासणी आराखड्यात दोन प्रकारच्या पायऱ्या असतात. एक विटनेस पॉइंट : ग्राहकाच्या तपासनिसाला बोलवायचं, तो आला नाही तर काम पुढे नेता येतं. दुसरा होल्ड पॉइंट : त्याची सही कागदावर पडेपर्यंत त्या तुकड्याला हात लावायचा नाही, मग डिस्पॅचची तारीख कितीही जवळ येऊ दे.

चॅलेंजर हे शटल गमावलं ते एका होल्ड पॉइंटवर. थायकॉलच्या बूस्टरचे तुकडेही असेच जोडलेले होते आणि जोडात अशाच ओ-रिंगा होत्या. थंडीत रबर कडक होतं आणि जोड वेळेवर बंद होत नाही, हे तिथल्या इंजिनियरांना आधीच्या उड्डाणांवरून दिसलं होतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री रॉजर बॉइसजोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरध्वनी बैठकीत विरोध केला. नासाचे अधिकारी नाराज झाले, कंपनीच्या व्यवस्थापकांनी थोडा वेळ मागून आपसात चर्चा केली आणि इंजिनियरांचं मत बाजूला ठेवून होकार कळवला. कंपनीचे केनेडी केंद्रावर हजर असलेले प्रतिनिधी अ‍ॅलन मॅक्डोनाल्ड यांनी शिफारशीवर सही करायला नकार दिला. मग ती सही युटाहून त्यांच्या वरिष्ठांकडून मिळवली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी 73 सेकंदांत सात जण गेले. या गोष्टीत कंपनी आहे, सरकारही आहे, आणि दोघांनी मिळून एका जाणत्या माणसाचा नकार ओलांडला. नानांनी सरकारवर टाकलेला विश्वास इथं उघडा पडतो.

पुतण्या : म्हणजे माझंच खरं झालं की, नाना. सरकार असलं म्हणून जीव वाचत नाही. आणि आपली सरकारी यंत्रणा तरी कुठं अचूक आहे? 18 मे 2025 ला पीएसएलव्ही-सी61 गेलं. तिसऱ्या टप्प्यात मोटरमधला दाब घसरला आणि उपग्रह गमावला. साठच्या वर उड्डाणं झालेलं रॉकेट ते.

नाना : गेलं ना. मी कुठं नाही म्हणतो? मी चाळीसेक वर्षं एक्स-रेच्या फिल्मा बघितल्या. दोष कोणाच्याही नजरेतून सुटू शकतो. पण तू एक सांग, तुझ्या शॉपमधून माल गेला आणि पार्टीनं रिजेक्ट केला, तर पार्टीला रिजेक्ट करता येतं कशामुळं? तिच्याकडे ड्रॉइंग असतं, गेज असतं आणि गेज धरता येणारा माणूस असतो. तिन्हीतलं एक जरी नसलं तर तू देशील ते तिला घ्यावं लागेल.

नाना इथं सरकार-खासगीचा हट्ट सोडून बोलू लागले आहेत आणि मला जे म्हणायचं आहे ते हेच. माणसाला अंतराळात नेणारं यान विकत घेता येतं, भाड्यानं घेता येतं, त्यातली एक सीटही घेता येते. त्या व्यवहारात जो ऐनवेळी ‘थांबा’ म्हणू शकतो आणि ज्याचा शब्द मानावा लागतो, त्याच्याच हाती प्रवाशाचा जीव असतो. आणि थांबा म्हणायची ताकद करारातल्या कलमातून येत नाही, ती माल घडवता येणाऱ्या हातांमधून येते. नासाला 2014 मध्ये सीट विकत घेणं जमलं, कारण तिच्याकडे मर्क्युरी, जेमिनी, अपोलो आणि शटलची अर्ध्या शतकाची घडण होती. यान कंपनीचं असलं तरी अटी नासानं लिहिल्या, पैसे ठरलेल्या टप्प्यांवर दिले आणि माणसं बसवण्याआधीचं प्रमाणपत्र स्वतःच्या हातात ठेवलं. 20 एप्रिल 2019 ला ड्रॅगनची एक कुपी जमिनीवरच्या चाचणीत फुटली. आणीबाणीच्या इंजिनांच्या प्रणालीत एका झडपेतून ऑक्सिडायझर मागे झिरपला होता आणि दाबाखाली टायटॅनियमच्या भागानं पेट घेतला, असं चौकशीत निघालं. झडपेच्या जागी दुसरी रचना आली, पुन्हा चाचण्या झाल्या आणि वर्षभरानं माणसं बसली. पुतण्या ज्या यानाची यशोगाथा सांगतो तिच्यात हा मधला काळही आहे.

बोइंगच्या स्टारलायनरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. डिसेंबर 2019 च्या रिकाम्या उड्डाणात यानाचं घड्याळ अकरा तासांनी चुकलं आणि ते स्थानकापर्यंत पोचलंच नाही. 5 जून 2024 ला बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स यांना घेऊन ते गेलं, वाटेत हेलियम गळू लागला आणि दिशा सांभाळणाऱ्या 28 थ्रस्टरपैकी पाच बंद पडले. बोइंगचं म्हणणं होतं, यान माणसांना घेऊन परत येऊ शकतं. नासानं जमिनीवर तसेच थ्रस्टर तापवून पाहिले, आतला टेफ्लॉनचा भाग फुगून इंधनाची वाट अडवतो असं त्यात दिसलं, आणि 24 ऑगस्टला निर्णय दिला की माणसं या यानातून येणार नाहीत. दोघं मार्च 2025 मध्ये ड्रॅगनमधून उतरली. ज्या ग्राहकानं चारशे कोटी डॉलरचं कंत्राट दिलं त्यानंच माल नाकारला, आणि नाकारताना त्याच्याकडे स्वतःच्या चाचणीचे आकडे होते.

पुतण्या : पण ते रिकामं यान सप्टेंबरमध्ये सुखरूप उतरलं, हे विसरू नका. बोइंगचं बरोबर निघालं. तुमच्या होल्ड पॉइंटपायी दोन माणसं आठ दिवसांसाठी गेली ती नऊ महिने अडकली. सगळीकडे असंच थांबत बसलं तर कोणी कुठं जाणारच नाही.

हा आक्षेप जोरदार आहे, कारण तो निकालावर बोट ठेवतो. तरी तो टिकत नाही. चॅलेंजरच्या आधी चोवीस शटल उड्डाणं सुखरूप उतरली होती आणि त्यातल्या काहींच्या ओ-रिंगा जळालेल्या आढळल्या होत्या. ‘मागच्या वेळी निभावलं’ हाच तर त्या रात्री होकार देणाऱ्यांचा आधार होता. नकार बरोबर होता की चूक, हे नकार देताना काय ठाऊक होतं आणि काय ठाऊक नव्हतं त्यावर ठरवायला हवं. ऑगस्ट 2024 मध्ये थ्रस्टर परतीच्या वाटेवर कसे वागतील हे कोणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. त्या अज्ञानाची किंमत नऊ महिन्यांचा मुक्काम एवढीच पडली, ती स्वस्तच म्हणायची. शिवाय नकार देणं परवडलं कारण परत यायला दुसरं यान हाताशी होतं. दोन विक्रेते ठेवण्याचं शहाणपण नासानं 2014 मध्येच दाखवलं होतं, आणि याचं श्रेय पुतण्याच्या बाजूला द्यायला हवं.

आता शुक्लांच्या उड्डाणाकडे येऊ. त्यांची ॲक्सियम-4 मोहीम 11 जून 2025 ला निघायची होती. त्याआधी स्पेसएक्सच्या फाल्कन-9 रॉकेटची इंजिनं जमिनीवर पेटवून पाहिली गेली आणि नंतरच्या तपासणीत द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. ती दुरुस्त करावी किंवा वायूचा झोत सोडून तिचा धोका कमी करावा, असे दोन मार्ग स्पेसएक्ससमोर होते. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन त्या वेळी आपल्या तज्ज्ञांसह फ्लोरिडात होते. पूर्ण दुरुस्ती झाल्याशिवाय आमचा माणूस बसणार नाही अशी भूमिका इस्रोनं घेतली आणि शोध घेतल्यावर ऑक्सिजनच्या नळीत तडा निघाला, असं त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं आहे. ही बाजू इस्रोनं सांगितलेली आहे, हे लक्षात ठेवावं. मात्र गळती दुरुस्त करण्यासाठी उड्डाण थांबवत आहोत, हे स्पेसएक्सनंही त्याच वेळी जाहीर केलं होतं. यान 25 जूनला उडालं, दुसऱ्या दिवशी स्थानकाला जोडलं गेलं आणि 15 जुलैला शुक्ला परतले. नारायणन यांची सगळी कारकीर्द द्रव आणि क्रायोजेनिक इंजिनांत गेली, अध्यक्ष होण्याआधी ते इस्रोच्या द्रव प्रणोदन केंद्राचे संचालक होते. एका सीटच्या ग्राहकाच्या शब्दाला त्या वेळी जे वजन आलं, ते या अनुभवातून आलं. क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान आपल्याला विकत मिळालं नाही म्हणून ते इंजिन वीसेक वर्षं धडपडून घडवावं लागलं. त्या धडपडीचा एक हप्ता असा फ्लोरिडात वसूल झाला.

पुतण्या : ठीक आहे, जाणकार माणसं हवीत हे मान्य. पण जाणकार तयार करायला आख्खं यान कशाला बनवायचं? उपग्रह सोडणारी रॉकेटं आपण बनवतोच, त्यातून माणसं तयार होतात. माणसं नेणारं यान भाड्यानं घ्या, तपासायला आपले इंजिनियर पाठवा. या तालुक्यात टेलच्या गावांना कालव्याचं पाणी पोचत नाही आणि आपण जीवरक्षक प्रणाल्यांवर पैसे घालतोय.

पाण्याचा मुद्दा लवकर निकाली काढता येतो : टेलला पाणी न पोचण्याची कारणं कालव्याच्या वाटपात आणि वरच्या उपशात आहेत, श्रीहरिकोट्यात नाहीत. पहिल्या भागाकडे मात्र नीट पाहायला हवं. उपग्रहाच्या रॉकेटातून शिकलेल्या माणसाला ऑक्सिजनची नळी कळते, पण कुपीच्या आतली हवा कळत नाही. कार्बन डायऑक्साइड किती वेळात किती साचतो, आर्द्रता कशी काढायची, आग लागली तर कुठला वायू सोडायचा, पॅराशूटच्या दोऱ्या कुठल्या क्रमानं ताणल्या जातात, बिघडलेल्या रॉकेटपासून कुपी किती क्षणांत दूर न्यायची, हे सगळं उपग्रहाला लागतच नाही. पर्यावरण नियंत्रणाची प्रणाली बाहेरून घ्यायचा प्रयत्न झाला आणि कोणी द्यायला तयार नव्हतं म्हणून ती आपणच घडवतो आहोत, असं इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितलं होतं. 21 ऑक्टोबर 2023 ला कुपी रॉकेटपासून सोडवण्याची पहिली उड्डाण चाचणी झाली, 24 ऑगस्ट 2025 ला हवेतून कुपी टाकून पॅराशूट तपासले गेले. बूस्टरसुद्धा तोच राहिला नाही. माणसांसाठीच्या एचएस-200 ची जमिनीवरची पूर्ण मुदतीची चाचणी 13 मे 2022 ला झाली. 2035 पर्यंत स्वतःचं स्थानक उभारायचं म्हणतो, तिथं राहणाऱ्या माणसाची हवा तपासायला परक्याचा इंजिनियर बोलवायचा का, हा साधा प्रश्न आहे.

नाना : आणि दुकानदारानं दुकानच बंद केलं तर? 5 जून 2025 ची गोष्ट आठव. शुक्लांचं उड्डाण आठवड्यावर आलेलं. एलॉन मस्क आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचं भांडण पेटलं आणि मस्कनं जाहीर केलं की ड्रॅगन यानं मोडीत काढायला सुरुवात करतो. काही तासांनी शब्द मागे घेतला, ते सोड. त्या दिवशी पश्चिमेकडे माणसं नेणारं दुसरं चालू यान होतं का?

नव्हतं. स्टारलायनर रखडलेलं होतं. स्पर्धेमुळे भाव उतरतो हा पुतण्याचा सिद्धांत बरोबर आहे, पण स्पर्धेला दोन तगडे गडी लागतात आणि या बाजारात मालही कमी, ग्राहकही कमी. ठरावीक रकमेचं कंत्राट बोइंगला महागात पडलं ते करदात्याच्या फायद्याचं झालं हे खरं. त्याच तोट्यामुळे दुसरा विक्रेता लंगडा झाला, हेही तितकंच खरं. आंतरराष्ट्रीय स्थानक 2030 च्या सुमारास उतरवायचं ठरलं आहे. त्यानंतर खासगी स्थानकं येतील, त्यांच्या सीटा विकल्या जातील आणि भारतानं त्या जरूर घ्याव्यात. शुक्लांनी तिथून आणलेला अनुभव गगनयानाच्या उरलेल्या तीन अंतराळवीरांना जमिनीवर बसून मिळाला नसता. 550 कोटी वाया गेले असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. फक्त ते वसूल होतात ते मागे 20,193 कोटींचं काम उभं असतं म्हणून, हे पुतण्यानं हिशेबात धरावं.

या वादाला आपल्याच मातीतला एक जुना धागाही आहे. वालचंदनगर ज्यांच्या नावानं वसलं ते सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीच डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. महायुद्ध सुरू होतं, विमानं ही सरकारची गरज झाली आणि 1942 मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. ती आजची हिंदुस्तान एअरोनॉटिक्स. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर खासगीच राहिलं. म्हणजे एकाच उद्योजकाच्या दोन कामांपैकी एक सरकारजमा झालं, दुसरं नाही. पुढे 18 डिसेंबर 2014 ला एलव्हीएम-3 च्या पहिल्या प्रायोगिक उड्डाणात जी कुपी 126 किलोमीटरवरून बंगालच्या उपसागरात उतरवली गेली, तिचा सांगाडा हिंदुस्तान एअरोनॉटिक्सनं बनवला होता. एस-200 चं कवच पवईत लार्सन अँड टुब्रोही बनवते, द्रव इंधनाची विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेज बनवते. गगनयान सरकारी म्हणायचं की खासगी, असा प्रश्न महाराष्ट्रातल्या या कारखान्यांमध्ये विचारला तर उत्तर देणं अवघड जाईल. सगळीकडे एक गोष्ट मात्र सारखी सापडेल : इस्रोचा तपासनीस आणि त्याची सही.

पुतण्या : मग आता माझा शेवटचा मुद्दा ऐका, नाना, आणि याला उत्तर द्या. थायकॉलचा माल नासा तपासत होती. बोइंगचा माल नासानं नाकारला. फाल्कनची गळती इस्रोनं धरून लावली. प्रत्येक ठिकाणी विकणारा एक आणि तपासणारा दुसरा. गगनयानात कवच कंपनीचं असेल, पण डिझाइन इस्रोचं, जोडणी इस्रोची, उड्डाण इस्रोचं आणि माणूस बसवायला यान योग्य आहे हे ठरवणारी मंडळंही अंतराळ खात्याच्याच छताखाली. नासाचं काय चुकलं ते तिचे महानिरीक्षक छापून मोकळे होतात, तिथल्या संसदेची लेखापाल संस्था वेगळं छापते. सी61 का पडलं याचा सविस्तर अहवाल तुम्ही-मी वाचलाय का? माझ्या शॉपमध्ये मीच बनवतो आणि मीच पास करतो असं म्हटलं तर कुठली पार्टी मला ऑर्डर देईल?

नाना : कोणी देणार नाही. पण इस्रोत आतले लोकही कडक असतात.

पुतण्या : मॅक्डोनाल्डही आतलाच होता की.

यावर नानांकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. नकार देता येण्यासाठी घडवता यायला हवं, हे मी वर मांडलं. पण जो घडवतो त्याचाच नकार त्याला स्वतःला ऐकू येईल याची खात्री नसते, हे पुतण्यानं त्याच युक्तिवादातून काढून दाखवलं. 2020 पासून अंतराळ क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, इन-स्पेस ही परवानगी देणारी संस्था आली, 2023 मध्ये धोरण आलं. अंतराळ कायद्याचा मसुदा 2017 मध्ये लोकांपुढे ठेवला होता, तो कायदा व्हायचा राहिला आहे. तो होईल तेव्हा त्यात एक तरतूद असावी : माणूस बसवण्याआधीची शेवटची सही अशा संस्थेकडे असेल जिचा अध्यक्ष इस्रोच्या अध्यक्षाच्या हाताखाली काम करत नाही, आणि त्या सहीमागची कारणं, होकाराची असोत की नकाराची, ठरलेल्या मुदतीत छापली जातील. तिच्यात बसायला माणसं कुठून आणायची याची चिंता नको. इस्रोची केंद्रं, हिंदुस्तान एअरोनॉटिक्स, पवई, विक्रोळी, वालचंदनगर इथून निवृत्त झालेले, वेल्डच्या फिल्मा वाचता येणारे पुष्कळ जण आहेत. त्यांना आता कोणाकडून बढती घ्यायची नाही.